नियमसाहेबांच्या घरची माणसं

"परदेशी निधी मिळवण्यात कसलं आलंय अवघड? नियम नीट वाचता आले की झालं," असं नियमसाहेबांनी प्राचार्यबाईंना छातीठोकपणे सांगितलं. लाकूडकाम शिकवणाऱ्या त्या छोट्या संस्थेचं कार्यालय त्यांच्याच हाती होतं. नियमावली दिसली की या गृहस्थांच्या डोळ्यांत जी चमक येई, ती इतरांच्या डोळ्यांत पगाराच्या दिवशीही येत नसे. नाव पडलं ते त्यावरूनच.

योजना सोपी होती. आपले दोन विद्यार्थी काही महिने तिकडच्या संस्थेत शिकायला जाणार, तिकडचे दोन इकडे येणार आणि खर्च निधी देणार. त्यासाठी संस्थेची नोंदणी दाखवायची, तिकडची एक संस्था गाठून तिची संमती मिळवायची, कोण काय शिकणार ते मांडायचं, खर्चाचा अंदाज जोडायचा. साहेबांनी सगळं एकहाती केलं. तिकडच्या संस्थेला तर त्यांनी इतकी स्मरणपत्रं धाडली, की त्या लोकांनी शेवटी नुसता पिच्छा सुटावा म्हणून सही केली असणार.

राहिलं शेवटचं कलम. येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन घरं सुचवायची, निधीवाले ती व्हिडिओ कॉलवर पाहणार. एक घर संस्थेच्या हिशेबनिसाने देऊ केलं. दुसऱ्या घरासाठी साहेबांनी स्वतःचंच नाव लिहिलं आणि इथेच माशी शिंकली.

कारण साहेब एकटे राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. तो रविवारी फोन करी आणि तिकडून कुणी हाक मारली की ठेवून देई. संस्थेत हे कुणाला धड ठाऊक नव्हतं, कारण संध्याकाळ झाली की साहेब "निघतो, घरी वाट बघत असतील" म्हणून उठायचे. आता मुलाच्या खोलीत कुणीतरी येईल, आज उशीर का झाला म्हणून विचारील, एवढ्या आशेवर त्यांनी खोलीला रंग काढला, नवी गादी आणली. पण एकट्या म्हाताऱ्याकडे कोण आपलं पोर पाठवणार? नियमावलीत याबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि नियम नसला की साहेबांचं डोकंच चालत नसे.

ते शेजारणीकडे गेले. "ताई, अर्धा तास माझी बहीण व्हाल का?"

"एवढंच ना? मुलांनाही आणते. घर कसं भरल्यासारखं दिसेल."

घर भरलं. शेजारीण आली, दोन मुलं आली, नवरा आला. "मला एकटीला ठेवून कुठे निघालात?" म्हणत सासूबाई आल्या. नवऱ्याचा मित्र कॅरम खेळायला आला होता, तोही आला. घर राहतं वाटावं म्हणून साहेबांनी प्रत्येकाला आपापल्या चपला, टॉवेल आणि दात घासायचे ब्रश आणायला लावले.

ठरल्या वेळी निधीवाल्यांच्या तपासणीसबाई पडद्यावर दिसू लागल्या.

"या कोण?"

"माझी धाकटी बहीण," साहेब म्हणाले.

"आणि या आजी?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे सरसावल्या. "मी याची आई. फार हट्टी होता लहानपणी."

"म्हणजे या ताई तुमच्या कन्या?"

"छे हो, ती सून माझी."

तपासणीसबाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि ते मागचे?"

"मी नेहमी इथेच असतो," मित्र म्हणाला.

"बरं. विद्यार्थ्याची खोली दाखवा."

साहेबांनी दार ढकललं. नव्या गादीवर शेजारणीचं धाकटं पोर गाढ झोपलं होतं. टेबलावर औषधांची पिशवी आणि खुर्चीवर सगळ्यांचे टॉवेल. "इथे मी झोपते," सासूबाईंनी मदत केली. न्हाणीघरातले ब्रश तपासणीसबाईंनी पडद्यावरूनच मोजले आणि आकडा लिहून घेतला.

कॉल संपला. मोठ्या मुलाने "मामा, पाणी द्या ना" म्हटलं, तेव्हा साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दोन पेले भरले. "बसा ना सगळे, चहा टाकतो," ते म्हणाले. पण शेजारणीचं सगळं काम तसंच पडलं होतं. आपापल्या चपला, टॉवेल, ब्रश आणि झोपलेलं पोर उचलून मंडळी गेली.

संस्थेला निधी मंजूर झाला. दोन्ही विद्यार्थी मात्र हिशेबनिसाकडे गेले. 'मी एकटाच असतो, घरात शांतता असते,' असं त्याने सरळ लिहिलं होतं. साहेबांच्या घरावर शेरा आला, 'कुटुंब प्रेमळ आहे, परंतु जागा नाही.'

"एवढा मोठा गोतावळा, आणि कधी बोलला नाहीत," प्राचार्यबाई कौतुकाने म्हणाल्या.

साहेबांनी घरी येऊन तपासणीसबाईंना फोन लावला. जे वाक्य त्यांनी आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं, ते घसा खाकरून उच्चारलं. "बाई, मी एकटा राहतो. माझ्या घरात दुसरं कुणी नाही."

"असं कसं म्हणता? मी स्वतः सात माणसं मोजलीत."

"ती शेजारची होती."

"साहेब, जागेसाठी लोक काय काय सांगतात ते मला माहीत आहे. पण चक्क आईला शेजारची म्हणायला तुमची जीभ कशी रेटली? सांभाळा त्यांना." आणि फोन बंद झाला.

साहेबांना हसूच फुटलं. ही गंमत आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगावी म्हणून ते हसत हसत मागे वळले, आणि मग बराच वेळ तसेच उभे राहिले.