श्रीमंत गुंडोपंत सरकारांस दुहेरी सुई टोचली गेली त्याची हकीकत

॥ श्रीगजानन प्रसन्न. गजाननाचे पायापाशी जो उंदीर बैसला आहे, त्यास आमचे सरकारांकडून अभय असो ॥

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, ते समयी तिसरे मजल्यावरील राज्यात जो प्रसंग गुदरला तो यथामति लिहितो. राज्य कोणते, गाव कोणता, हे पुसू नये, सांगण्याची आज्ञा नाही. दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि पूर्वेस सज्जा, एवढे मुलुखावर श्रीमंत गुंडोपंत सरकारांचा अंमल होता. सरकार म्हणजे बोका. रंग राखी, मिशा पांढऱ्या, डावा कान तरुणपणीचे लढाईत फाटलेला, आणि वय तेरा, म्हणजे मनुष्याचे मानाने सत्तरीस टेकलेले. पदरी माणसे दोन. एक दिवाकरपंत, तारखात्यात चौतीस वर्षे चाकरी करून घरी बसलेले, शब्दाचे पक्के आणि हट्टाचे त्याहून पक्के. दुसऱ्या त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, त्या हट्टात पंतांस चार बोटे वरचढ. उभयतांस मूलबाळ नाही, आणि सरकार टीचभर असता पंतांनीच त्यांस पावसातून सदऱ्यात घालून आणिले होते, सबब पंतांचा जीव सरकारांत गुंतला होता. तोंडाने कधी बोलिले नाहीत, ते निराळे.

त्या साली भाद्रपदापासून सरकारांस तहान लागू लागली. वाडगा संपला की बादलीस तोंड, बादली झाली की कुंडीचे ताटलीस तोंड, आणि मग रेतीचे पेटीकडे स्वारी, ती दिवसातून दहा वेळा, येथपर्यंत की पेटीत पूर आला. खाणे दुप्पट आणि अंग मात्र उतरत चालले, पाठीचा कणा हातास लागू लागला. पंत बोलिले, "वय झालं, चालायचंच." बाई बोलिल्या, "डोंबल चालायचं! त्याचे मागचे पाय बघा, टाचा टेकून चालतोय." पंतांनी पाहिले आणि वर्तमानपत्राची घडी केली. मग सरकारांस टोपलीत घालून, वर पंचा बांधून, उभयता पशुवैद्य गोरक्षकरबाईंचे दवाखान्यात दाखल जाहली. वाटेने सरकारांनी जो आक्रोश मांडिला, तो ऐकोन रिक्षावाल्याने दोन वेळा मागे वळोन पाहिले की कोणाचा खून होत आहे.

गोरक्षकरबाईंनी रक्त काढिले, पाहिले, आणि बोलिल्या, "मधुमेह आहे." पंत थक्क. "अहो, बोक्याला?" "बोक्यांनाही होतो, आजोबा. घाबरू नका, सांभाळता येतो." मग त्यांनी आज्ञापत्र सांगितले ते ऐसे: इन्सुलिनची सुई सकाळी सातास एक आणि सायंकाळी सातास एक, आधी खाणे, मग सुई, खाल्ले नाही तर न देता आम्हांस विचारावे, बाटली शीतकपाटात ठेवावी, गोठवू नये, आणि दिली की नाही ऐसा संशय पडेल तर मुळीच देऊ नये, एक चुकली तर निभावते, दोन झाल्या तर जिवावर बेतते. हे शेवटचे कलम त्यांनी बोट वर करून सांगितले. पंतांनी मान डोलाविली. कुमुदिनीबाईंनीही डोलाविली. डोलाविण्यात दोघांची बरोबरी होती.

मग पंत घरी येऊन मोसंब्यावर सराव करू लागले. दोन दिवसांत सहा मोसंबी घायाळ जाहली. तिसरे दिवशी खाशा सरकारांवर प्रयोग, तो पहिली सुई पंतांचे अंगठ्यात गेली आणि दुसरी केसांतून आरपार होऊन इन्सुलिन गादीने प्यायले. पुढे हात बसला. मानेमागची कातडी चिमटीत धरावी, तंबू करावा, आणि सरकार ताटात गुंतले असता अल्लद काम उरकावे, ऐसा सराव जाहला. सकाळची सुई पंतांकडे, सायंकाळची बाईंकडे, ऐसा ठराव जाहला. सरकारांची तहान आटोक्यात आली, टाचा उचलल्या, एके दिवशी खिडकीत चढोन कावळ्यास शिवीगाळही केली. पंतांनी त्या आनंदात चहा दोन वेळा घेतला.

परंतु बाईंचे मनात आले की राजा पथ्यावर असता प्रजेने गोड खाणे हा द्रोह. मग साखर, गूळ, मध, सर्वांस हद्दपारीचा हुकूम. पंत बिनसाखरेचा चहा पिऊन तोंड वाकडे करीत, परंतु सरकारांचे नावाने सोशीत. ऐसे करिता दिवाळी आली, आणि पाडव्याचे दिवशी ओवाळून झाल्यावर पंतांपुढे ताट आले त्यात चकली, कडबोळी, शेव, चिवडा. लाडू नाही. करंजी नाही. पंतांचा संयम सुटला. "अगं, मधुमेह त्याला झालाय की मला?" बाई कडाडल्या, "कुणामुळे झाला? रोज बशीत गोड चहा कोण ओतत होतं त्याच्यासाठी?" पंत बोलिले, "आणि बासुंदीचं पातेलं चाटायला कोण देत होतं? मी?" बाई बोलिल्या, "माझ्याशी बोलू नका." पंत बोलिले, "नाहीच बोलत." आणि अबोला जाहीर जाहला. कार्तिक शुद्ध प्रतिपदा, सकाळचे साडेनऊ.

आता या राज्यात अबोल्याची जुनी वहिवाट ऐसी, की उभयपक्षी शब्द बंद, परंतु संसार चालविणे प्राप्त, सबब सर्व बोलणे सरकारांचे मार्फत करावे. बाईंनी म्हणावे, "गुंडू, सांग त्यांना, पानं वाढलीत." पंतांनी भिंतीकडे पाहोन म्हणावे, "गुंडोपंत, कळवा त्यांना, पिठलं खारट आहे." बाईंनी म्हणावे, "गुंडू, सांग, मग दही घ्या म्हणावं." ऐसे तेरा वर्षे चालले होते. मध्यस्थ निःपक्षपाती, लाच खात नाही, मासळीचा तुकडा सोडून. यात एकच मेख होती. निरोप पोहोचत असे तो दुसरा पक्ष त्याच खोलीत बसलेला असे म्हणोन. वकिलाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. परंतु हे कोणाचे ध्यानात कधी आले नाही, आणि पंत तर हयातभर तारा पोहोचविणारे गृहस्थ!

आठवे दिवशी सकाळी पंत दूध आणावयास उतरले. तेथे जुने स्नेही भेटले, गोष्ट लांबली. इकडे सात वाजले, सरकार ताटावर बसले, पंतांचा पत्ता नाही. बाईंनी विचार केला की वेळ चुकता कामा नये, आणि स्वहस्ते सुई दिली, आणि शिरस्त्याप्रमाणे सरकारांस सांगितले, "गुंडू, त्यांना सांग हो, आजची सुई मी दिली," आणि स्नानास गेल्या. सव्वासातास पंत धापा टाकीत वर आले. सरकार ताट चाटीत होते. पंतांनी हात धुतले, सुई भरली, तंबू केला, टोचली. सरकारांनी तोंड वर करून मोठ्याने "म्यांव" केले. पंत बोलिले, "पुरे, आणखी नाही मिळायचं." आणि बाटली परत कपाटात ठेविली.

साडेदहाचा सुमार. पंत सज्ज्यात वर्तमानपत्र वाचीत होते. सरकार उठले, दोन पावले आले, आणि दारू प्यायल्यासारखे एके बाजूस कलंडले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. डोळे मोठे, नजर भलतीकडे, मान लुळी. पंतांनी हाक मारिली, "गुंडोपंत!" कान हलला नाही. तेव्हां आठ दिवसांचा अबोला, बेचाळीस वर्षांचा हट्ट, सर्व एकीकडे राहिले आणि पंत ओरडले, "कुमुद! अगं कुमुद, लवकर ये!"

बाई लाटणे हातात घेऊन धावत आल्या. पाहिले मात्र, लाटणे खाली पडले. "अहो, काय झालं? आज त्याला..." आणि मग एकदम, "तुम्ही सुई दिलीत का आज?" "दिली की, सव्वासातला." "अहो, मी सातला दिली होती! निरोप ठेवला होता ना!" "कुणाकडे?" बाईंनी सरकारांकडे बोट दाखविले. सरकार जमिनीवर पडोन होते. मग बाई खाली बसल्या आणि सरकारांचे मस्तक मांडीवर घेऊन "माझ्या राजा रे" म्हणोन रडू लागल्या. पंतांनी दवाखान्यात फोन केला. तिकडोन आज्ञा आली, "साखरेचं पाणी नाहीतर मध, बोटानं हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. आणि तसेच घेऊन या, आत्ता!"

साखर! राज्यात साखरेचा कण नाही. निदान कागदोपत्री नाही. पंत उठले आणि चपलांचे कपाटाकडे धावले, बाई उठल्या आणि माळ्याकडे धावल्या. पंतांनी जुन्या बुटातून एक डबा ओढिला, बाईंनी पापडाचे डब्यामागोन एक बाटली ओढिली, आणि दोघे परत येता उंबऱ्यावर एकमेकांवर आदळली. पंतांचे हाती बेसनाचे पाच लाडू. बाईंचे हाती मध, अर्धी बाटली रिकामी. "तुम्ही!" "तू!" एवढेच बोलणे जाहले, पुढील मजकुरास सवड नव्हती. बाईंनी सरकारांस धरिले, पंतांनी मधाचे बोट हिरड्यांवरून फिरविले, एकदा, दोनदा, पाचदा, आणि मोठ्याने बोलिले, "गुंडोपंत, असं करू नका. मी आणलंय तुम्हाला, मला सोडून जायचं नाही." आणि त्यांस रडू कोसळले, आणि बाईंनी पदराने प्रथम पंतांचे डोळे पुसिले, मग सरकारांचे तोंड. रिक्षात बसेतो सरकारांची जीभ हलली. चौकात आले तो सरकारांनी पंतांचे बोट कडकडोन चावले. रक्त आले. पंत हर्षाने ओरडले, "चावला गं, चावला!"

दवाखान्यात सरकारांस सलाईन लाविली, आणि गोरक्षकरबाईंनी विचारिले, "दोन डोस कसे गेले?" पंत बोलिले, "माझी चूक. मी विचारलं नाही." बाई बोलिल्या, "नाही हो, माझी. मी सांगितलं नाही." गोरक्षकरबाई चकित होऊन बोलिल्या, "एकाच घरात राहता ना?" पंत टोपलीवरील पंच्याची घडी घालू लागले. सायंकाळी सरकार ठणठणीत होऊन, वैद्यीणबाईंचे हातावर तीन ओरखड्यांची मोहोर करून, परत टोपलीत दाखल जाहले.

ते दिवशी तह जाहला. कलम एकच: अबोला असो वा नसो, सुईचे वर्तमान माणसाने माणसास तोंडाने सांगावे आणि दुसऱ्याने तोंडाने ओ द्यावी. लाडवांविषयी व मधाविषयी उभयपक्षी माफी.

पुढे मार्गशीर्षात पंख्यावरून पुन्हा बिनसले. पंतांस वारा हवा, बाईंस थंडी वाजते. दुपारी दोनास अबोला जाहीर. सातास बाई दारात येऊन भिंतीकडे पाहोन बोलिल्या, "सुई दिली." पंत छताकडे पाहोन बोलिले, "बरं." मग राहावले नाही, पुसले, "सगळं खाल्लं का त्यानं?" "थोडं ठेवलं." "का गं?" "मासे शिळे आहेत ना. ताजे आणायचे उद्या." "आणतो. आणि तू काही खाल्लंस?" बाई बोलिल्या, "पंखा बंद करा, मग खाते." पंतांनी उठोन पंखा बंद केला.

तात्पर्य, तेव्हापासोन त्या राज्यात कोणताही अबोला एका सुईपासोन दुसऱ्या सुईपर्यंतही टिकला नाही. सरकारांस चौदावे लागले, वजन भरले, कावळा त्रस्त आहे. येणेप्रमाणे जे पाहिले आणि जे शेजारच्या भिंतीतून ऐकू आले ते लिहिले. इति.