मिक्सरची अंघोळ

खंडेनवमीच्या सकाळी जयवंतरावांनी कोयता, विळा आणि पहार घासून पाटावर मांडली, तरी त्यांचं समाधान होईना. गावी, निर्मळच्या वाडीत, या दिवशी अवजारांची रांग अंगणभर लागायची. आता मुलाच्या चंदनसारच्या फ्लॅटमध्ये तीनच उरली होती. या घरात सगळ्यात जास्त राबतं कोण, याचा त्यांनी विचार केला आणि मिक्सर उचलला. अवजार आधी धुवायचं, मग पुजायचं, ही त्यांची जन्माची रीत. त्यांनी मिक्सर नळाखाली धरला, काथ्यानं चांगला घासला, वरून पुसला आणि जागेवर आणून ठेवला.

सून विनिता ओव्हनपाशी बसली होती. ती ऑर्डरचे केक करायची. आजचा केक गावाकडच्या ओळखीतल्या प्रिन्सीच्या साखरपुड्याचा, पाच वाजता हॉलवर पोचवायचा. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

जयवंतरावांनी मिक्सरची पिन लावून बटन दाबलं, तोच दारावरच्या विजेच्या पेटीतला खटका पडला. दिवे, पंखे, ओव्हन, सगळं बंद. त्यांनी खटका वर केला, तो पुन्हा पडला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच.

"तुझ्या या भट्टीनं सगळी लाइट ओढली," ते म्हणाले. "खटक्याला नाय पेलवत ती."

विनितानं ओव्हनमध्ये डोकावलं. केक अर्धा फुगून थांबला होता. तिनं प्रिन्सीच्या बापालाच फोन लावला. स्टॅनी वायरमन होता, निर्मळचाच. जयवंतरावांच्या विहिरीवरची मोटार पूर्वी तोच दुरुस्त करायचा. हॉलमधली दिव्यांची माळ अर्धवट सोडून तो नव्या पँटीतच आला.

त्यानं घरातल्या सगळ्या पिना काढल्या. खटका वर केला, तो राहिला. मग एकेक पिन लावायला घेतली. पहिला ओव्हन. जयवंतराव खटक्याकडे बघत राहिले, पण तो हलला नाही. फ्रिज लावला, टीव्ही लावला, तरी नाही. मिक्सर लावला आणि खटका टक्कन पडला. स्टॅनीनं पिन काढून मिक्सर उलटा केला. आतलं पाणी त्याच्या नव्या पँटीवर सांडलं.

"काका, याला अंघोळ कोनी घातली?"

जयवंतराव कोयत्याकडे बघू लागले.

पँट झटकत स्टॅनीनं त्यांना समजावलं. वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. हा खटका दोन्हींवर नजर ठेवून असतो. ओलीतून किंवा माणसाच्या अंगातून थोडीशी जरी भलतीकडे गेली, तरी पापणी लवायच्या आत तो सगळं तोडतो.

"हात ओले होते ना तुमचे? हा पडला नसता तर आज साखरपुडा सोडून मला तुमच्या मयतीला उभं रायला लागलं असतं."

जयवंतरावांना वाडी आठवली. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात कमी पोचायचं, तेव्हा उंदराचं एक बीळ शोधायला त्यांचा अर्धा दिवस जायचा. बोटाएवढ्या या खटक्याला डोळे नाहीत, आणि त्यानं पापणी लवायच्या आत बीळ पकडलं होतं. त्यांनी तीनदा चिडून त्याला वर ढकललं, तिन्हीदा तो त्यांच्यासाठीच पडला.

केक मधोमध थोडा बसला. विनितानं तिथं क्रीम भरलं आणि साडेचारला केक रवाना केला.

संध्याकाळी पूजेला जयवंतराव स्टुलावर चढले, पेटीला झेंडू वाहिला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग ताटातला सगळ्यात मोठा झेंडू उचलून, कुणाकडे न बघता, त्यांनी ओव्हनवर ठेवला.

विनितानं ते पाहिलं. तिनं पाण्यानं भरलेला पूजेचा तांब्या उचलून ओव्हनपासून दूर ठेवला.