बिनआवाजाचा पंखा

"पंखा काढूनच टाका!" गोष्टवालीनं दुकानदाराला ठणकावलं. "माझ्या कॉम्प्युटरचं पंख्यावाचून काही अडत नाही."

गोष्टवाली हे तिला घरानं पाडलेलं नाव. झोप न येणाऱ्यांसाठी ती संथ, लांबलचक गोष्टी वाचून रेकॉर्ड करायची. पहिलीच मोठी गोष्ट संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि प्रोसेसरवरचा पंखा गोष्टीतल्या शांत तळ्यावर मोटारबोटीसारखा फिरत होता!

दुकानदारानं पंख्याच्या जागी पातळ पात्यांचा भलामोठा ठोकळा बसवला. "ताई, उष्णता हा आपोआप बाहेर सोडतो. फक्त मोकळी हवा हवी."

"हवेला काय तोटा!"

होता. रस्त्यावरचा आवाज नको म्हणून तिनं खिडक्या बंद करून वर रजया टांगल्या होत्या. तळ्यावर चंद्र उगवेपर्यंत ठोकळ्याचा तवा झाला आणि कॉम्प्युटर बंद!

"अहो, पुठ्ठा घ्या, वारा घाला! पण आवाज न करता!"

"म्हणजे आता पंखा मी?" नवरा म्हणाला आणि बसला. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. नाव तळ्याच्या मध्यावर आली, कमळं मिटू लागली, नवऱ्याचा हात मंदावला... घोर्रर्र! कॉम्प्युटरही गेला.

"ऊठ रे, बाहेर जाऊन झोप!" सासूबाईंनी पुठ्ठा हिसकावला. "मला मेली दुपारी झोपच येत नाही."

सासूबाई कमळांच्या आधी मिटल्या.

"ही गोष्ट आहे की भूल?" गोष्टवाली रडकुंडीला आली. शेवटी तिनं चुलतसासऱ्यांना साकडं घातलं. कानातलं यंत्र काढलं की काकांना ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. त्यांनी यंत्र खिशात टाकलं आणि तान्ह्या बाळाला घालावा तसा ठोकळ्याला वारा घालू लागले. रजयांतून निळसर उजेड झिरपत होता. नावेला वल्हं नव्हतं, घाई नव्हती, काठ तर कुठेच नव्हता...

तिनं डोळे उघडले तेव्हा अंधारत आलं होतं. काका वारा घालतच होते, रेकॉर्डिंग चालूच होतं. ऐकून बघायला वेळ कुठला! तिनं तसंच पाठवून दिलं.

सकाळी गोष्ट मागवणाऱ्या कंपनीतून फोन आला. "बाई, कमाल केलीत! तपासायला बसलेले आमचे तिघंही झोपले. शेवटपर्यंत कुणी पोचलंच नाही! पुढच्या गोष्टीही तुम्हीच वाचा."

तिनं मान ताठ करून सगळ्यांना शेवट ऐकायला बसवलं. नाव मध्यावर आली, कमळं मिटली, आणि मग एक दमदार, लयदार घोरणं सुरू झालं. ते संपेचना!

"मी नाही हं," नवरा घाईनं म्हणाला. "मला तर आईनं बाहेर हाकललं होतं."

काकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "म्हणजे हे होतं होय? तुझे ओठ हलत होते गं. मला वाटलं, वाचतेयस."