ओढलं आणि ढकललं

"तेजस्विनी, झालं का गं डाउनलोड?" उज्वलाने विचारलं.

"एकसष्ट टक्के, मॅडम. काल संध्याकाळी साठ होतं."

अंबडमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तेजस्विनीचा तिसरा दिवस होता आणि कोडची एक ओळही तिच्या दृष्टीस पडली नव्हती. याला कारण कंपनीचे मालक, दीपकसर. रोज तयार होणाऱ्या प्रोग्रॅमच्या फायली, म्हणजे बिल्ड, सगळ्यांनाच लागत. त्यांना वेगळी जागा हवी, असं टीम लीड उज्वला वर्षभर सांगत होती. सर म्हणत, "कोड ठेवतो त्याच रेपोत ठेवा की! एका घरात दोन फडताळं कशाला?" पण रेपोचा, म्हणजे सगळ्यांच्या कोडच्या त्या सामायिक कोठाराचा, स्वभाव असा, की एकदा आत आलेलं तो कधीच विसरत नाही. रोज एक बिल्ड गिळत तो अडतीस जीबीचा झाला, आणि तोच तेजस्विनी तीन दिवस उतरवून घेत होती.

टीममधल्या स्वराजने वैतागून सगळी जुनी बिल्ड डिलीट केली. आकार तसूभरही कमी झाला नाही. उलट किंचित वाढला.

"उडवलं तर गेलं कुठे?" सरांनी विचारलं.

"कुठेच नाही, सर. रेपोच्या इतिहासात आहे," उज्वला म्हणाली.

"मग इतिहासातूनही काढा!"

शनिवार-रविवार घालवून उज्वलाने इतिहास धुतला. बॅकअप ठेवायला जागाच नव्हती. रेपो नव्वद एमबीवर आला. तिने सगळ्यांना मेल केला: आपापल्या लॅपटॉपवरची रेपोची जुनी कॉपी फेका, नवी घ्या, जुन्यातून काहीही पाठवू नका.

सोमवारी अकरा वाजता रेपो पुन्हा अडतीस जीबी!

"कोणी केलं हे?" उज्वलाचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला.

सर केबिनमधून डोकावले. "मी फक्त माझ्या लॅपटॉपवर लोगोचा रंग बदलला गं. कॉम्प्युटर म्हणाला, आधी 'पुल', म्हणजे ओढा. ओढलं. मग म्हणाला, 'पुश', म्हणजे ढकला. ढकललं."

"म्हणजे जुनी कॉपी सगळी परत आत ढकललीत! मेल वाचला नाही, सर?"

"वाचला ना. मला वाटलं, स्टाफसाठी आहे."

उज्वला डोकं धरून बसली. तेवढ्यात सायखेड्याच्या द्राक्ष पॅकहाउसमधून सहादूचा फोन आला.

"म्याडम, तुमचं नवं सॉफ्टवेअर लेबलच छापत नाय! कंटेनर दारात उभा हाय, तासाभरात निघंल. ते डिसेंबरवालं टाका, ते लय भारी चालायचं."

डिसेंबरचं बिल्ड! तिनेच स्वतःच्या हाताने पुसलेलं. नव्याने बनवायचं तर अर्धा दिवस. मग तिला सुचलं, आणि दात-ओठ खात ती सरांनी ढकललेल्या ढिगाऱ्यात शिरली. डिसेंबर तिथे सुखरूप होता. दहा मिनिटांत तो सायखेड्याला पोहोचला.

"आलं, म्याडम, लेबल आलं!"

तिने फोन ठेवला तर समोर सर, हातात लॅपटॉप, चेहरा पडलेला.

"चुकलंच माझं. आता तुझ्यासमोर सगळं कायमचं पुसतो. सांग, काय दाबू?"

उज्वलाने झडप घालून लॅपटॉप मिटला.

"राहू द्या, सर."

"राहू द्या? अगं, मघाशी तर माझा जीव घ्यायला निघाली होतीस!"

"सीझन संपेपर्यंत राहू द्या," ती जमेल तितक्या कडक आवाजात म्हणाली.

सर केबिनमध्ये गेले. उज्वलाने आजूबाजूला पाहिलं, आणि डिसेंबरच्या बिल्डची आणखी एक कॉपी हळूच रेपोत ढकलली.