खडक लागेपर्यंत

मागच्या खोलीचं दार घासायला लागलं, तेव्हा कॅशियरसाहेबांनी ठरवलं, बायकोला सांगायचं नाही. दाराला जरा रंधा मारला की भागेल. झालं! तिथूनच सगळं सुरू झालं.

खोली बांधली होती बुजवलेल्या डबक्यावर, आणि "भराव एकदम दाबून बसलाय" असं छातीठोकपणे सांगणारे साहेबच होते. त्यामुळे खोली खिडकीकडे खचतेय हे उमगलं तेव्हा ते लपवायच्या मागे लागले. कपाट आपोआप उघडू लागलं, त्याच्याखाली पुठ्ठा गेला. भिंतीला तडा गेला, त्यावर आरसा चढला. पलंग कलला, तेव्हा बायको माहेरी गेल्याचं साधून त्यांनी दाराकडचे दोन्ही पाय करवतीने आखूड केले. (माप जराही चुकलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.) शिवाय झोपायला त्यांनी दाराकडची बाजू घेतली. पळायला बरी.

एक दिवस बायकोने आरसा पुसायला काढला.

"अहो, या भिंतीत माझं बोट जातंय!"

"मग घालू नकोस ना!"

दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर बाई आल्या. म्हणाल्या, "वरून लिंपून उपयोग नाही, खाली जमीनच भुसभुशीत आहे. मिनी पायलिंग करू. बारीक खांब थेट खडकापर्यंत उतरवायचे आणि खोलीचा भार त्यांच्यावर टाकायचा."

"आणि खडक लागलाच नाही तर?"

"लागतो हो."

त्या 'हो'ने साहेबांची झोपच उडाली.

दारातून आत येईल एवढंसं मशीन, पण सुरू झालं आणि सगळं घर थरथरलं. साहेब चपला घालून उंबऱ्यावर उभे. नळीला नळी जोडली जात होती आणि जमीन ती गिळत होती.

"लागला?"

"अजून नाही."

साहेबांनी स्वयंपाकघराकडे डोकावून पाहिलं. घर गेलं तर गेलं, पण ही आत असताना गेलं तर?

"अगं, बाहेर ये!"

"दूध उतू जाईल!"

"जाऊ दे दूध! तू ये!" साहेब रडवेले झाले होते.

एवढ्यात मशीनचा आवाज बदलला. खडक! साहेब होते तिथेच मटकन बसले.

पुढे खांब पक्के झाले, त्यांच्यावर जॅक लावून खोली हळूहळू उचलली. माणसं सामान आवरू लागली. कित्येक महिन्यांनी साहेब दुपारी निर्धास्त आडवे झाले.

डोळा लागतोय तोच खोली कलली! साहेब धाडकन खाली आदळले आणि "पळा, खचलं!" असं बोंबलत, उशी कवटाळून अंगणात. माणसांनी हातातलं सामान टाकलं.

बाई आत धावल्या, जमिनीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध, म्हणजे खोली सरळच. बायको मात्र वाकून पलंगाखाली बघत होती. तिने दाराकडचे कापलेले पाय पाहिले, मग उशी घेऊन दाराशी आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"बाई, एखादा खांब उरलाय का हो?"

"का? आता कशाला?"

"यांच्याखाली घालायचाय. खडक लागेपर्यंत."