जागा अडवून बसलेले दिलावरभाई

आमच्या लॅबमधल्या प्रत्येक बाटलीवर मुदत संपायची तारीख छापलेली होती. दिलावरभाईंवर तेवढी नव्हती.

मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ज्युनिअर रिसर्च असिस्टंट म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मला वाटलं हे इथले प्राध्यापकच असणार. सगळे त्यांना उठून जागा देत होते. दुपारी ते सिंकखाली आडवे होऊन पाइप घट्ट करताना दिसले, तेव्हा वाटलं प्लंबर असतील. संध्याकाळी कळलं, की हे पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. कानांजवळ केस पांढरे, चष्मा दुहेरी काचेचा, आणि विद्यार्थी!

"थेसिस कधी देणार भाई?" असं मी बावळटासारखं पहिल्याच आठवड्यात विचारलं. कुणीतरी मला मागून चिमटा काढला.

"गाडी सुटालीया व्हय तुझी?" भाईंनी शांतपणे विचारलं. "एवढं एक कंपाऊंड झालं की झालंच."

ते एक कंपाऊंड, म्हणजे एक संयुग, माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. ते कधी झालं नाही. झालं, तर त्याच्या शेजारी आणखी एक निघायचं.

भाई मूळचे नेसरीचे. घरी अम्मी, थोरला भाऊ, त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. इथं कोल्हापुरात, राजारामपुरीत एक खोली, तिथं ते फक्त झोपायला जात, तेही नाइलाजानं. लग्नाचा विषय निघाला की "थेसिस झाली की बघू," आणि थेसिसचा निघाला की एक कंपाऊंड. अशी एकावर एक कुलपं लावून माणूस आत निवांत बसला होता.

माणसांची नावं लक्षात ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. "कुठली गं तू?" "आजऱ्याची." संपलं. त्या दिवसापासून मी आजरा. गगनबावड्याचा एक मुलगा होता, तो गगनबावडा. "गगनबावडा, ती खिडकी लाव की! आजरा, फ्लास्क कुणाच्या बापानं धुवायचा?" असा पुकारा दिवसभर चाले. बाहेरून एखादा आला असता तर त्याला वाटलं असतं, एसटी स्टँडावरच आलो.

आता माझ्या कामाविषयी थोडं. ज्युनिअर रिसर्च असिस्टंट म्हणजे काय, हे नेमणुकीच्या पत्रात फार सुंदर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ज्युनिअर म्हणजे नायट्रोजनचा सिलिंडर ढकलायचा, असिस्टंट म्हणजे लॅबप्रमुख सरांचे स्लाइड शो करायचे, आणि मधला रिसर्च म्हणजे सरांचा हरवलेला पेनड्राइव्ह शोधायचा. खरी केमिस्ट्री शिकवायला कुणाला वेळ नव्हता. भाईंना होता. वेळेचा त्यांच्याकडे काय तुटवडा!

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी. आपण बनवलेला पदार्थ शुद्ध आहे का हे बघायला प्लेटवर त्याचा ठिपका टाकतात, ती द्रावकात, म्हणजे सॉल्व्हंटमध्ये, उभी करतात आणि मग यूव्ही दिव्याखाली धरतात. एकच ठिपका दिसला तर शुद्ध. मी मोठ्या ऐटीत प्लेट दाखवायला नेली. भाईंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक केले, आणि मुलगी बघायला आलेल्या माणसांसारखी प्लेट उलटसुलट केली.

"पावणं आल्यात."

"कुठं?"

"ही काय, खालच्या अंगाला. दोघं हायत. एक जाईल बिचारा, दुसरा मुक्कामाला आलाय. चल, कॉलम लावूया."

आणि मग ते कॉलमजवळ बसत. कॉलम म्हणजे पांढरी सिलिका भरलेली उभी काचेची नळी. वरून आपलं मिश्रण आणि सॉल्व्हंट सोडायचं, की त्यातले निरनिराळे पदार्थ पट्ट्यापट्ट्यांनी, म्हणजे बँडनी, आपापल्या चालीनं खाली उतरतात, आणि थेंब थेंब वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत धरता येतात. मात्र वरचं सॉल्व्हंट संपू द्यायचं नाही. सिलिका कोरडी पडली की तिला भेगा जातात आणि सगळी मेहनत मातीत. म्हणून कुणीतरी बसून राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे दिलावरभाई. जुना अॅप्रन कापून शिवलेली एक गादी होती त्यांची, ती स्टुलावर टाकायची आणि मांडी ठोकून बसायचं. कॉलम कुणाचाही असो. ज्याचा असे तो पोरगा तेवढ्यात मिसळ खाऊन, पिक्चरची तिकिटं काढून, मैत्रिणीला फिरवून परत येई.

अशा त्यांनी सांभाळलेल्या कॉलमांवर किती जण डॉक्टर झाले! कुणी पुण्याला गेलं, कुणी गुजरातेतल्या कंपनीत. त्यांच्या लग्नाला भाई पेढे घेऊन गेले, बारशाला झबली घेऊन गेले. पुढं त्या डॉक्टरांचे फोन येत, ते फक्त कंपनीत काहीतरी अडलं की. भाई फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलत, की फोनची गरजच नव्हती. "अरे पाणी घालायच्या आधी थंड कर की, मर्दा! शिकवलं न्हवतं व्हय!" फोन ठेवला की आम्हाला सांगत, "लई मोठा माणूस झालाय. अजून इचारतोय बघा." आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

हे असंच चाललं असतं. पण विद्यापीठानं कळवलं, की दिलावरभाईंना दिलेली मुदतवाढ शेवटची, महिनाअखेर संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांच्या सिलिकेवर पाणी.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हा महिना तुझं एकच प्रोजेक्ट. दिलावर."

"सर, पण माझं काम..."

"तुला माझ्याकडे पीएच.डी.ला नोंदणी करायचीय ना? माझ्याकडच्या जागा भरलेल्या आहेत. तो उठला तर तू बसणार. बघ बाई."

असा माझ्या संशोधनाला अचानक वेग आला. मी पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाले ती एका माणसाला स्टुलावरून उठवण्यासाठी, हे आधी कळलं असतं तर कुस्तीच शिकले असते. कोल्हापुरात तालमी काय कमी आहेत?

सगळे उपाय केले. सॉल्व्हंटच्या कपाटाला कुलूप लावलं, तर भाई शेजारच्या लॅबमधून उसनं घेऊन आले. त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला, तर त्यांनी तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या जागी नेलं आणि दुसऱ्या दिवशी होतं तिथं आणून ठेवलं. शेवटी मीच टाइप केलं, मीच आकृत्या डकवल्या, मीच बाइंडरच्या डोक्यावर बसले. शेवटच्या दिवशी दुपारी जाडजूड प्रती छातीशी धरून लॅबमध्ये आले. परीक्षा विभागात जाऊन भाईंनी समक्ष सही करायची, एवढंच उरलं होतं.

भाई गादीवर बसले होते. समोर माझा कॉलम. सकाळी मी लावून गेले होते तो.

"भाई, चला. चार वाजून गेले."

"कसा येऊ? कॉलम चाललाय की."

"गगनबावड्याला बसवा."

"त्याला काय कळतंय? पिवळा बँड आत्ता उतराय लागलाय. कोरडा पडला तर?"

"पडू दे! मी परत करीन!"

"असं कसं पडू दे? आठवडा घातलायस त्याच्यात. थांब की जरा. पाचला अवकाश हाय."

माझं डोकं फिरलं. एक तर माझी जागा, माझा महिना, माझं बाइंडिंग, आणि वर उपकार माझ्याच कॉलमवर! मी तरातरा पुढं गेले आणि कॉलमच्या तळाची तोटी फिरवून बंद केली. थेंब थांबला. वर सॉल्व्हंट भरपूर होतं. आता हा कॉलम उद्यापर्यंत कोरडा पडणार नव्हता. बँड थोडे पसरले असते, बाकी काही नाही. एम.एस्सी.च्या पोरालाही कळतं हे. भाईंना कळत नव्हतं?

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझा राग एकदम खाली बसला. त्यांना चांगलंच कळत होतं. आतापर्यंतच्या प्रत्येक कॉलमच्या वेळी कळत होतं.

"बंद केलास व्हय," ते हळूच म्हणाले. हा माणूस हळू बोलू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"भाई, चला ना."

"तुझी जागा अडवून बसलोय, ठावं हाय मला. सगळ्यांनी सांगितलंय." त्यांनी चष्मा पुसला. "पर उद्या सकाळी उठून मी कुठं जायाचं गं?"

मला नेहमी उत्तर सुचतं. घरात त्यापायी मार खाल्लाय मी. त्या वेळीही सुचलं, ते एवढंच.

"इथंच या की," मी म्हणाले.

"डॉक्टर झाल्यावर कोण येतंय इथं? इतके गेले, कोण आला परत सांग."

मी त्यांचा हात धरला आणि सरळ ओढत नेलं. अॅप्रन काढायचंही त्यांना सुचलं नाही. परीक्षा विभागात बंद व्हायच्या बेताला पोहोचलो. त्यांनी सही केली, क्लार्कनं शिक्का मारला, प्रती मागं ढकलल्या आणि म्हणाला, "झालं. या आता."

भाई खिडकीसमोरून हलेनात.

"अजून काय पायजे, पावणं?" क्लार्कनं विचारलं.

"काय न्हाय," भाई म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.

बाहेर आलो तेव्हा शिपाई दाराला कुलूप लावत होता. सायकल स्टँडापाशी भाईंनी अॅप्रन काढला आणि नीट घडी घालू लागले. ती घडी काही केल्या त्यांच्या मनासारखी होईना. मीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"भाई, उद्या सकाळी लवकर या. तो कॉलम माझ्याच्यानं एकटीनं व्हायचा नाही."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

खोटं होतं ते. कॉलम चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं.