सहाव्या बुरुजाची हजेरी

करडगावच्या किल्ल्याचे बुरूज रोज संध्याकाळी पाच वाजता हजेरी देतात, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. किल्ला सरहद्दीवर होता तेव्हापासूनची ही पद्धत आहे. ओढ्यापलीकडे तेव्हा दुसऱ्या सुलतानाचा मुलूख होता. आता तिथे पवनचक्क्या आहेत. सरहद्द उठली, असं किल्ल्याला कुणी लेखी कळवलेलं नाही.

बुरूज नऊ. त्यांतले आठ उभे आहेत. सहावा माझ्या आजोबांच्या लहानपणी पडला आणि त्याचे दगड गावातल्या चौदा घरांत गेले. काही वर्षं ती घरंच मिळून हजेरी द्यायची. पण चौदा घरं कधीच एकदम बोलायची नाहीत, आणि दोन घरांचं तर आपसात बोलणंच बंद होतं. शेवटी किल्ल्याने हरकत घेतली. तेव्हापासून किल्ला बघायला आलेल्यांपैकी एकजण सहाव्याच्या जोत्यावर उभा राहून "हजर" म्हणतो, आणि मग सगळे घरी जातात.

आमच्या कन्याशाळेची नववीची सहल जानेवारीत तिथे गेली. बेचाळीस मुली आणि ढगेबाई. आम्ही खंदक पाहिला, तटावरून चाललो, तोफेच्या तोंडात वाकून पाहिलं. तटाला बाहेरच्या बाजूने बारीक फटी आहेत आणि आतून त्या रुंद होत जातात. पाहणाऱ्याला सगळं दिसावं आणि तो कुणाला दिसू नये, म्हणून तशी रचना आहे, असं बाईंनी सांगितलं. मला ती रचना आवडली.

चार वाजता लतीफचाचांनी दरवाजा लावला. ते किल्ल्याचे पहारेकरी आहेत. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी.

"सहावा कोण होतंय, बाई?" त्यांनी विचारलं.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "शिवकन्या, तू जा. पाच वर्षांत तुझा आवाज ऐकला नाही मी."

"बाई, ती कशाला?" पूजा मुळे म्हणाली. "तिचा आवाज डब्याचं झाकण लावल्यासारखा येतो. आपण सगळ्या इथंच मुक्कामाला राहू."

मुली हसल्या. पूजाचं म्हणणं खोटं नव्हतं. वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. म्हणून पाचवीपासून माझी हजेरी माझ्या शेजारची रेणुका भातलवंडे देते. बाई "सतरा" म्हणतात, रेणुका "हजर" म्हणते, मग "अठरा" म्हणतात, रेणुका पुन्हा "हजर" म्हणते. मी बाकावर असतेच, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

"एकच शब्द आहे, बाळा," लतीफचाचा म्हणाले. "बुरजाला जास्त बोलावं लागत नाही."

मी जोत्यावर जाऊन उभी राहिले. गुडघाभर उंचीचा गोल ओटा आहे तो. रेणुका सोबत म्हणून खाली चिंचेच्या झाडापाशी थांबली. दोन दिवसांनी तिच्या ताईचं लग्न होतं, आणि हातांवरची मेंदी ती सारखी नाकाला लावून बघत होती.

पाच वाजता दरवाजाने "पहिला" अशी हाक दिली. त्याचा आवाज जात्यासारखा आहे. पहिला बुरूज "हजर" म्हणाला. दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला. चौथ्याला खोकला होता. पाचवा म्हणाला.

"सहावा."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"हजर!" खालून रेणुका म्हणाली.

तिने मुद्दाम केलं नाही. माझा नंबर आला की ती बोलते, एवढंच. सवयीप्रमाणे ती लगेच माझ्याकडे बघून हसली, आणि मग तिने पाय उचलायला पाहिलं. पाय उचलेना.

लतीफचाचांनी शिट्टी वाजवली. हजेरी थांबली.

"जोत्यावरून बोललं की बदली," ते म्हणाले. "खाली जमिनीवर, स्वतःच्या पायांवर उभं राहून बोललं की कायम. पोरगी कायम झाली."

"अहो, पण लहान आहे ती," बाई म्हणाल्या. "शाळेला काय सांगू मी?"

"कागद देतो ना. नववा बोलेपर्यंत हरकत घेता येते. पण कायमचं नाव बदलीवाल्याला काढता येत नाही. कायम व्हायला तयार असेल त्याने बोलायचं. आणि बाकीच्या आठही बुरुजांना ऐकू गेलं पाहिजे."

"मी बोलते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सहलीच्या प्रमुख. तुमची सही पाहिजे कागदावर."

बाकी मुली पायांकडे बघू लागल्या. पूजासुद्धा.

"शिवे," रेणुका हळूच म्हणाली. "परवा ताईची पाठराखीण म्हणून मला जायचंय गं. करवलीचा परकर शिवून आलाय." मग तिने नाक पुसलं. "पण तू बोलू नको. तुला जमायचं नाही. उगीच घसा दुखंल."

मी जोत्यावरून खाली उतरले. तिथे गोखरूचे काटे होते. तरी चपला काढून ठेवल्या, म्हणजे नीट उभं राहता येईल. मग म्हटलं,

"हजर!"

चिंचेवरचे सगळे पारवे उडाले. ओढ्यापलीकडच्या रानात एक माणूस ज्वारी राखत होता, तो म्हणाला, "आँ?" चौथ्या बुरुजाचा खोकला थांबला.

मग दरवाजा म्हणाला, "सातवा." सातवा हजर होता. आठवा होता. नववा होता. रेणुकाचा पाय सुटला आणि दरवाजा उघडला.

बाई माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या वेणीची सुटलेली रिबन पुन्हा बांधली. मग कागद घेतला. "बेचाळीस आणल्या, एक्केचाळीस नेल्या. कारण काय लिहू?"

"एक विद्यार्थिनी बुरूज झाली, असं लिहा," लतीफचाचा म्हणाले. "नेहमीचंच कारण आहे."

रेणुका सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. माझ्या चपला तिने नेल्या, आईला देते म्हणाली.

आता फेब्रुवारी संपत आलाय. आई रविवारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन येते. पप्पांनी पहिल्या दिवशी माझ्याभोवती एक चक्कर मारली, वारा कुठून लागतो ते बघितलं आणि त्या बाजूला दोन फरश्या उभ्या केल्या. बीजगणिताचा सराव पेपर मी इथूनच सोडवला. पर्यवेक्षक म्हणून आठवा होता. सहली येतात, मुली माझ्याकडे बघतात, आणि आता मला ते पूर्वीइतकं नको वाटत नाही. लग्न छान झालं. रेणुकाने मला परकराचा उरलेला तुकडा आणून दाखवला.

शाळेत माझी हजेरी अजून तीच देते. बाई लिहून घेतात. मी हजर आहेच.

परवा हजेरी झाल्यावर सातवा पहिल्यांदाच एका शब्दापेक्षा जास्त बोलला. त्याने मला जरा हळू बोलायला सांगितलं.